कातळशिल्पं, किल्ले, संग्रहालयं आणि एआर-व्हीआर : कोकणात नेमकं काय चालतं?

सडाकरी (मूळ धागा)

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्या किनाऱ्यावरचे. कातळशिल्पं, म्हणजे जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) कोरलेल्या आकृती, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आता पाहायला येणारे वाढतील आणि त्यांच्या मागोमाग 'व्हीआर बसवून देतो' म्हणणारेही येतील. (एआर म्हणजे फोनमधून समोरच्या खऱ्या जागेवर चित्र चढवून दाखवणं; व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून पूर्ण वेगळं दृश्य दाखवणं.) ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा छोट्या संग्रहालयाच्या समितीने हो म्हणण्याआधी काय तपासायचं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधी मांडतो. यंत्र कुठलं घ्यायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं ते हे की इथे उभ्या असलेल्या माणसाला उघड्या डोळ्यांनी काय दिसत नाही? रत्नागिरीचा थिबा पॅलेस समोर उभा आहे, तो पुन्हा चष्म्यात दाखवून काय मिळणार? पण १८८५ साली ज्या राजवाड्यातून ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला बाहेर काढलं, तो मंडालेचा लाकडी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला. आज मंडालेला आहे ती नंतरची उभारणी. तो मूळ राजवाडा थिबाच्या रत्नागिरीतल्या वास्तूत बसून पाहता आला तर व्हीआरचं चीज होईल. कातळशिल्पांच्या रेषा भर दुपारी दिसत नाहीत, तिथे एआरला काम आहे. पावसात सिंधुदुर्गाची होडी बंद असते, तिथे व्हीआरला काम आहे.

जाणकारांनी तपशिलात लिहावं. फोन की हेडसेट, रेंज नसेल तर काय, दमट हवेत काय बिघडतं, करारात काय हवं.

जांभा_आणि_रेषा

कातळशिल्पांपासून सुरुवात करतो, कारण एआरची खरी गरज तिथे आहे आणि सगळ्यात जास्त फसगतही तिथेच होते.

खोदाई उथळ आहे. बऱ्याच रेषा बोटाच्या पेराएवढ्याही खोल नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा खाचेच्या एका काठाची सावली पडते आणि आकृती उठून दिसते. बारा ते तीन या वेळात सावलीच नसते, सगळा सडा एकसारखा तांबूस-काळा दिसतो. नेमक्या त्याच वेळी गणपतीपुळ्याहून निघालेल्या गाड्या पोचतात. मग कोणीतरी खडूने किंवा चुन्याने रेषा गिरवतं. ते कायमचं नुकसान. ही गिरवणी थांबवायला फोनवरची रेषा उपयोगी पडते, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा एआर करावं.

आधी मोजणी लागते. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती साधारण १८ × १३ मीटर आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. ड्रोनची परवानगी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तीन मीटर उंच काठीवर खाली तोंड करून १२ मेगापिक्सेलचा साधा फोन लावला की एका फोटोत साधारण ४.३ × ३.२ मीटर जमीन येते. चालताना दर ८० सेंटिमीटरला एक फोटो घ्यायचा आणि दोन ओळींत १.३ मीटर अंतर ठेवायचं. कडेला एक-एक मीटर जादा धरलं तर १२ ओळी आणि ३०० ते ३५० फोटो होतात. एक पिक्सेल जमिनीवर साधारण १ मिलिमीटरचा पडतो, एवढं पुरतं. हे फोटो जोडून सॉफ्टवेअर सड्याचं त्रिमितीय मॉडेल बनवतं. मोजमापासाठी एक-एक मीटरच्या तीन पट्ट्या आकृतीबाहेर ठेवा. पट्टी नसेल तर मॉडेल सुंदर होतं, पण हत्ती १८ मीटरचा की १५चा, हे त्यातून कळत नाही.

फोटो कधी काढायचे यात लोक हमखास चुकतात. डोळ्याला रेषा दिसतात म्हणून कोवळ्या उन्हात काढतात. पण ३०० फोटोंना तास लागतो, तेवढ्यात सावल्या सरकतात आणि मॉडेलवर दुहेरी डाग येतात. फोटो सूर्योदयाआधीच्या उजेडात किंवा ढगाळ हवेत काढावेत. सावली नंतर सॉफ्टवेअरमध्ये पाडायची. नुसत्या उंच-सखलपणावर चारी बाजूंनी खोटा तिरपा प्रकाश टाकला की उन्हात न दिसणाऱ्या रेषाही वर येतात. काम डिसेंबर ते मे या काळात करावं. पावसाळ्यानंतर काही आठवडे खाचांत गवत आणि शेवाळ असतं, ते खरवडायचं नाही.

गोठण्याचा_वाटाड्या

वरच्या प्रतिसादाला जोडून एक महत्त्वाची गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथे गेलेले लोक मुद्दाम फोनवर ते करून बघतात. पण जे ॲप जीपीएसवरून जागा आणि फोनच्या होकायंत्रावरून दिशा घेतं, त्याची आकृती तिथे भलतीकडेच फिरणार. जीपीएसची चूक मोकळ्या सड्यावरही पाच मीटरच्या आसपास असतेच.

देवाच्या गोठण्यापुरतंच हे नाही. जांभ्यात लोह असतं, त्यामुळे प्रत्येक जागी आधी चाचणी घ्या. फोन जमिनीलगत, गुडघ्याजवळ आणि छातीजवळ धरून तीन वेळा दिशा बघा. तिन्हींत दहा अंशांपेक्षा जास्त फरक आला तर त्या जागी होकायंत्रावर काहीही बेतू नका. दिशा खुणेच्या पाटीवरूनच, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याने ओळखायच्या छापील चित्रावरूनच घ्या.

झटपट_लोड

पाटीबद्दल थोडं गणित. कॅमेऱ्याने पाटी ओळखली आणि तिचा कोन एक अंशाने चुकीचा धरला, तर दहा मीटरवर आकृती १७ सेंटिमीटर सरकते. तीन अंश चुकला आणि अंतर १५ मीटर असलं तर जवळजवळ ८० सेंटिमीटर. म्हणजे हत्तीची सोंड खऱ्या सोंडेच्या बाजूला तरंगणार, आणि बघणारा म्हणणार, 'हे काहीतरी अंदाजपंचे आहे.' त्यामुळे पूर्ण आकृती एका पाटीवरून अंथरू नये. आकृतीच्या चारी बाजूंना, कुंपणाबाहेर, एक-एक पाटी ठेवा आणि प्रत्येक पाटीवरून तिच्यापासून चार-पाच मीटरचाच भाग दाखवा.

पाटीचं चित्र असं हवं की त्यात बारीक तपशील भरपूर असावेत आणि डावं-उजवं सारखं नसावं. वारली चौक किंवा नुसता क्यूआर कोड ओळखायला वाईट, कारण तेच तेच आकार पुन्हा येतात. जुना नकाशा किंवा दगडाचा जवळून घेतलेला फोटो उत्तम. छपाई मॅट हवी. चकचकीत लॅमिनेशनवर आभाळ उमटतं आणि कॅमेरा आंधळा होतो. ए-३ आकार, ॲल्युमिनियम कंपोझिट पत्रा, उतार ३० अंश. सनबोर्ड पहिल्या पावसात फुगतो.

आता फोनबद्दल. वेगळं ॲप उतरवायला लावलं की निम्मे लोक तिथेच सोडून देतात, म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं करा. अँड्रॉइडवर क्रोम एआरकोअर या गूगलच्या एआर सोयीच्या आधाराने थेट एआर दाखवतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच फोनांना एआरकोअर नसतं. आयफोनच्या सफारीत ती सोय नाही, तिथे मॉडेल यूएसडीझेड या फाइल-स्वरूपात द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक मॉडेल दोन स्वरूपांत ठेवा, अँड्रॉइडसाठी जीएलबी आणि आयफोनसाठी यूएसडीझेड. एआर नसलेल्या फोनवर तेच मॉडेल बोटाने फिरवता आलं पाहिजे. ही तिसरी सोय विसरली की तक्रारी सुरू होतात.

फोटोंवरून बनलेल्या कच्च्या मॉडेलमध्ये पृष्ठभाग बनवणारे दीड-दोन कोटी त्रिकोण असतात. फोनसाठी एक लाखाच्या आत आणा आणि बारीक खाचा नॉर्मल मॅपमध्ये (उंच-सखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) उतरवा. पोत (मॉडेलवर चढवलेलं चित्र) २०४८ पिक्सेलचा, फाइल ५ ते ८ एमबी. सड्यावर फोन आधीच तापलेला असतो. जड मॉडेल दिलं तर दोन मिनिटांत चित्र अडखळतं आणि स्क्रीन आपोआप मंद होते, मग उन्हात काहीच दिसत नाही.

राजापूरची_वाट

@झटपट_लोड दादा, बऱ्याच सड्यांवर रेंजच नाही. तिथे वाय-फाय राउटर आणि एखादा छोटा संगणक ठेवून त्यावरून पान दाखवता येईल ना?

झटपट_लोड

येईल, पण दोन ठिकाणी अडतं. ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगी फक्त एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र असलेल्या पानाला देतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पान ठेवलं आणि लोकांना १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिला, तर पान उघडतं पण कॅमेरा चालू होत नाही. ठेकेदाराच्या लॅपटॉपवर सगळं चाललेलं असतं, कारण त्याच्या स्वतःच्या यंत्रावर ही अट लागू नसते. उपाय असा की खरं डोमेन घ्यायचं, त्याचं प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीने (डोमेनच्या नोंदीवरून) काढायचं आणि राउटरला सांगायचं की हे नाव आपल्याच पायवर आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते नव्याने घालायला कोणीतरी इंटरनेट घेऊन तिथे गेलं पाहिजे, ही जबाबदारी नावानिशी ठरवा.

दुसरी अडचण म्हणजे वाय-फायला इंटरनेट नाही हे कळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि पान अर्ध्यात तुटतं. पाटीवर मराठीत स्पष्ट लिहा : 'इंटरनेट नाही असा संदेश आला तरी जोडलेले राहा.'

याहून सोपा मार्ग म्हणजे रेंज असलेल्या शेवटच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर किंवा ग्रामपंचायतीत क्यूआर लावा. पान तिथे एकदा उघडलं की सगळ्या फाइली फोनमध्ये साठवून ठेवतं, पुढे सड्यावर रेंज लागत नाही. पाय, राउटर, सोलर आणि बॅटरी उघड्यावर सांभाळण्यापेक्षा मी हेच करेन.

गलबत_मालवण

सिंधुदुर्गाचं मी लिहितो. पावसात होडये बंद, मगे येणाऱ्यांका काय दाखवतलात? हा आमचा दरवर्षीचा प्रश्न. धक्क्याजवळ एक खोली, चार हेडसेट आणि किल्ल्याची ३६० अंशांची चित्रफीत, ही कल्पना योग्य आहे. ज्यांना होडीत चढ-उतर करता येत नाही अशा आजी-आजोबांसाठी ती बाराही महिने उपयोगी आहे. पण खोली घेण्याआधी हिशेब करा.

चित्रफीत सहा मिनिटांची धरली, तर हेडसेट घालणं, पट्टा आणि भिंगांचं अंतर जुळवणं, काढणं, पुसणं याला आणखी तीन मिनिटं लागतात. एका हेडसेटवर तासाला सहा ते सात माणसं. चार हेडसेटवर २६. सहलीच्या एसटीत ४५ मुलं असतात, म्हणजे शेवटच्या मुलाला पावणेदोन तास थांबावं लागणार. दहा मिनिटांची फीत केली तर हे गणित पुरतंच कोलमडतं. म्हणून सहलींसाठी तीच फीत प्रोजेक्टरवर लावा. एक मूल हेडसेट घालतं, ते जिकडे बघेल तिकडचं दृश्य पडद्यावर सगळ्यांना दिसतं. मुलं 'वर बघ, बुरुजाकडे बघ' असं ओरडून सांगतात आणि कोणी कंटाळत नाही. शिवाय मेटाच्या क्वेस्टसारख्या हेडसेटला कंपनीनेच वयाची अट घातलेली आहे, दहा वर्षांखालच्यांना नाही. पहिली ते चौथीच्या सहलीला पडदाच द्यावा लागतो.

चित्रीकरण होडीतून करू नका. क्षितिज डोलतं आणि बसलेला माणूस स्थिर असतो. डोळा एक सांगतो, कानातला तोल दुसरं सांगतो, आणि दोन मिनिटांत मळमळायला लागतं. तिवई जमिनीवर घट्ट रोवा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, १.२ ते १.३ मीटरवर ठेवा, कारण प्रेक्षक खुर्चीत बसणार आहे. खुर्ची फिरती पण चाकं नसलेली असावी. ५.७ केचं (रुंदीला साधारण ५७०० पिक्सेल) चित्रीकरण कागदावर मोठं वाटतं, पण ते सगळ्या ३६० अंशांत वाटलं जातं. हेडसेटमध्ये एका वेळी शंभरेक अंश दिसतात, म्हणजे हाती जेमतेम १६०० पिक्सेल येतात. तटावरचे दगड धूसर दिसतात. ८ केच घ्या.

जतनवाली

गलबत, चित्रीकरणाच्या परवानगीचं लिहायचं राहिलं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. तिवई लावून चित्रीकरण करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ड्रोनला वेगळी. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियमन आहे, त्यामुळे माहितीची टपरी कुठे टाकायची हेही त्यातच बघावं लागतं. जुन्या भिंतीला खिळा नाही, दुतर्फा चिकटपट्टी नाही, जांभ्यावर स्टिकर तर नाहीच. स्टिकर काढताना दगडाची वरची कातडी सोबत येते. पाटी सुट्या, वजनदार स्टँडवर ठेवा.

आता हेडसेट आणि आपली हवा. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. एसी खोलीतून हेडसेट बाहेर आणला की भिंगावर लगेच बाष्प धरतं. लोक ते रुमालाने पुसतात, किनाऱ्यावरच्या धुळीत मीठ आणि वाळूचे कण असतात, आणि प्लॅस्टिकच्या भिंगावर कायमचे ओरखडे उठतात. एसी २६-२७ अंशांवर ठेवा. पहिला प्रेक्षक येण्याआधी हेडसेट दहा मिनिटं चालू ठेवून कोमट होऊ द्या. भिंग फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. सॅनिटायझर भिंगाला लावला की त्यावरचा लेप जातो. चेहऱ्याला टेकणारा स्पंज काढून सिलिकॉनचं आवरण घाला. स्पंज घाम शोषतो, वाळत नाही आणि आठवड्यात वास मारतो. दर माणसामागे कागदी मुखपट्टी द्या.

रात्री हेडसेट झाकणाला रबर असलेल्या घट्ट डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ती भाजून पुन्हा वापरता येते. खिडकीतून ऊन येईल अशा टेबलावर हेडसेट कधीही उलटा ठेवू नका. भिंगातून ऊन एका बिंदूवर गोळा होतं आणि आतला पडदा जळतो, ठिपका कायमचा.

बॅटरी साधारण दोन तास चालते. लाइट गेली तर? इन्व्हर्टर चार्जिंगसाठी असू द्या, पण राउटरला आधी जोडा.

देवमासा

फोनवरचं एआर इनडोअर कुठे शोभतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे सांगाडे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०१५ मध्ये आपल्या जुन्या हाडांच्या दालनासाठी एक ॲप काढलं. दालन तेच, कपाटं तीच, फोन धरला की सांगाड्यावर मांस-कातडी चढते आणि प्राणी हलतो. पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या एआर चष्म्यांतून नामशेष प्राणी दालनात उभे केले. रत्नागिरीच्या मत्स्यालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यावर हेच करता येईल. तिथे वस्तू जागेवर स्थिर आहे, उजेड बदलत नाही, अंतर कमी आहे, म्हणजे सड्यावरच्या तिन्ही अडचणी नाहीत.

एक पथ्य मात्र पाळा. फोनवरचा भाग ३० ते ४० सेकंदांत संपवा आणि शेवटी आवाजातून माणसाला वस्तूकडे परत पाठवा : 'आता फोन खाली घ्या आणि पुढच्या पंखातली बोटांची हाडं मोजा.' स्क्रीनवर लांब मजकूर दिला की लोक देवमाशासमोर मान खाली घालून वाचत बसतात.

बुरुज_आणि_पुरावा

आतापर्यंत सगळं यंत्राचं झालं, आता आशयाचं. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ते १६६७. तट उभा आहे, पण आतल्या बहुतेक इमारती नाहीत. व्हीआरमध्ये वाडे, कोठारं, पागा उभ्या केल्या की बघणारा त्या खऱ्याच मानणार. मुलं तर आयुष्यभर तेच चित्र डोक्यात ठेवतील. म्हणून वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीच्या लंडन चार्टर या २००६च्या मसुद्यात सांगितलेली शिस्त इथे हवीच. संगणकावर जे उभं केलं, त्यामागचा पुरावा नोंदवायचा आणि तो बघणाऱ्याला कळू द्यायचा.

प्रत्यक्षात याला फार खर्च नाही. जे आज उभं आहे ते पूर्ण रंगात दाखवा. जोत्यावरून किंवा कागदपत्रांवरून ठरवलं ते फिक्या रंगात. त्या काळच्या इतर किल्ल्यांवरून अंदाजाने घेतलं ते नुसत्या बाह्यरेषेत. एका बटणावर अंदाजाचा भाग गायब झाला पाहिजे. ठेकेदार म्हणतो, फिकं चांगलं दिसत नाही. त्याला सांगा, हे आम्हाला असंच हवं आहे. कातळशिल्पांनाही हेच लागू. जिथे रेषा झिजली आहे तिथे कलाकाराने शेपूट पूर्ण केली, तर पुढच्या अभ्यासकाला ती तुमची की मूळची हे कळणार नाही.

सडाकरी

बुरुज, हे फार मोलाचं. आता शेवटचा मुद्दा, करार. काय लिहून घ्यायचं?

झटपट_लोड

उपकरण आणि आशय वेगळे धरा, कारण उपकरणं जातात. डेट्रॉइटच्या कला संग्रहालयाने २०१७ मध्ये गूगलच्या टँगो या एआर तंत्राच्या फोनांवर दौरा सुरू केला आणि मार्च २०१८ मध्ये गूगलने टँगोच बंद केलं. होलोलेन्स २चं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. मेटाचं एआर बनवण्याचं व्यासपीठ जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं, त्यावर बाहेरच्यांनी बनवलेले फिल्टर गेले. एवढ्या मोठ्यांचं हे, तर आपल्या तालुक्यात तीन वर्षांनी काय चालू राहील हे गृहीत धरू नका.

म्हणून हाती घ्यायचं ते असं : मूळ फोटो सगळे, मोजपट्टीसकट. पूर्ण तपशिलाचं मॉडेल आणि फोनसाठीचं हलकं मॉडेल, दोन्ही. ८ केची मूळ चित्रफीत, न कापलेली. निवेदनाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे उद्या मालवणीत करायचं झालं तर संगीत पुन्हा करावं लागणार नाही. प्रकल्पाची बदलता येणारी फाइल. डोमेन समितीच्या नावावर. हे सगळं दोन हार्डडिस्कवर, एक गावात आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी, कारण दमट कपाटात एकच डिस्क ठेवणं धोक्याचं. मॉडेलवर मालकी समितीची, ठेकेदाराला दाखवण्यापुरता हक्क.

जतनवाली

त्यात देखभालीची ओळ घाला. तीन-चार हेडसेटमागे एक माणूस, त्याचा पगार प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून. माणूस नसेल तर हेडसेट घेऊच नका, नुसतं फोनवरचं करा.

जांभा_आणि_रेषा

आणि शेवटचा हप्ता देण्याआधीची चाचणी करारातच लिहा. ठेकेदाराच्या कार्यालयात नाही, जागेवर. मे महिन्यात दुपारी एक वाजता, फोन विमान मोडवर टाकून, दहा हजारांच्या आतल्या अँड्रॉइडवर आणि एका जुन्या आयफोनवर. चारी पाट्यांवरून आकृती खऱ्या रेषेपासून किती सरकते ते टेपने मोजा. दहा सेंटिमीटरच्या वर गेली तर काम परत. हेडसेटची चाचणी जुलैत, पाऊस लागलेला असताना, सलग तीन तास.

राजापूरची_वाट

जुलैपर्यंत पैसे अडकवले तर ठेकेदार येईल का?

जांभा_आणि_रेषा

हप्ते फोडा. मोजणी आणि मूळ फोटो हाती आल्यावर ४० टक्के, मेच्या चाचणीनंतर ४०, जुलैनंतर २०. ज्याने आधी किनाऱ्यावर काम केलंय तो या अटीला हरकत घेत नाही.